ओस पडलेली बाग: आधी उतारा, पाणी आणि माळी, मग झोपाळे

इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. बेळगाव जिल्ह्यात चिकोडीकडच्या एका लहान शहरात तुमचं एन.ए. (बिगरशेती) ले-आउट आहे आणि त्यात दहा गुंठ्यांची बाग आहे. काही वर्षांपूर्वी पुरसभेने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, तिथे कंपाउंड, झोपाळे, घसरगुंडी, सिमेंटची वाट आणि हिरवळ करून दिली. आज हिरवळ जळून गेली आहे, झोपाळ्यांच्या साखळ्या तुटल्या आहेत, काँग्रेस गवत कमरेला लागतंय आणि अंधार पडला की बाटल्या घेऊन लोक येऊन बसतात. दोन अर्ज दिले, पोच मिळाली, पुढे काही नाही. आता गल्लीच्या पंचांपैकी काही जण म्हणतायत की बाग चालत नाही तर तिथे समुदाय भवन बांधून घेऊ, आमदार निधी मिळण्यासारखा आहे. तुम्ही विचारलंय की बाग सुधारता येईल का, आणि त्यासाठी नक्की कुणाकडे काय मागायचं.

सुधारता येईल. पण आधीच्या अर्जांत तुम्ही जे मागितलं होतं, ते पुन्हा मागू नका. तुम्ही लिहिलंय की अर्जात नवीन खेळणी, ओपन जिम आणि हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, मागितला होता. समजा हे सगळं उद्या मिळालं, तरी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या उन्हाळ्यात बाग आजच्याच अवस्थेत येईल. बेळगाव जिल्ह्यातल्या लहान नगरसंस्थांत अभियंता म्हणून मी नोकरी केली, बागांची अंदाजपत्रकं तयार केली, मोजमाप पुस्तकं लिहिली. त्या सगळ्या काळात एक गोष्ट वारंवार दिसली. बाग बांधायला पैसा मिळतो. रोज सकाळी नळ सोडून पाणी घालणारा माणूस मिळत नाही, कारण त्या माणसाचा पगार कोणत्याच योजनेत बसत नाही. तुमचा खरा प्रश्न हा आहे. पुरसभा आळशी आहे की नाही, हा वेगळा विषय.

आता जागेच्या मालकीकडे वळू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कर्नाटकात ले-आउट मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा उद्यान आणि मोकळ्या जागेसाठी सोडावी लागते, शिवाय नागरी सुविधांसाठी थोडी वेगळी. ही जागा आणि रस्ते मालकाने नोंदणीकृत पत्र करून नगरसंस्थेला मोफत द्यायचे असतात. मोठ्या शहरात हे बऱ्यापैकी होतं. आपल्याकडच्या जुन्या ले-आउटांत मात्र नकाशावर हिरवा चौकोन असतो, पण पत्र झालेलंच नसतं आणि उताऱ्यावर अजून मूळ शेतमालकाचं किंवा त्याच्या वारसांचं नाव असतं. अशा जागेत पुरसभेने खर्च केला असला, तरी पुढे वारसांपैकी कुणी हक्क सांगत उभा राहिला की सगळं काम थांबतं.

तेव्हा पहिलं काम कागदाचं. मंजूर ले-आउट नकाशाची प्रत, हस्तांतर पत्राची प्रत आणि जागेचा उतारा किंवा ई-खाता (पुरसभेच्या मालमत्ता नोंदीचा संगणकीकृत उतारा), एवढी तीन कागदपत्रं मागा. सरळ मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर माहिती हक्काचा अर्ज करा, दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. कागद हातात आल्यावर तुमच्या लक्षात येईल की तुम्ही कुठे उभे आहात. जागा पुरसभेच्या नावावर असेल तर पुढे वाचा. नकाशावर उद्यान आहे पण पत्र झालेलं नाही, असं असेल तर बागेच्या सुधारणेची मागणी बाजूला ठेवून आधी जागा ताब्यात घेऊन ई-खाता करण्याची मागणी लावून धरा. मुख्याधिकाऱ्यांनाही हे पटतं, कारण यात खर्च कमी आहे आणि संस्थेची मालमत्ता वाढते. आणि ले-आउटच विनापरवाना असेल, नुसत्या शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले असतील, तर तुमची लढाई फार लांबची आहे आणि माझं पुढचं बरंचसं उत्तर तुम्हाला लागू होणार नाही.

समुदाय भवनाबद्दल मला ठाम बोलायचं आहे. कर्नाटकात १९८५ चा उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागा जपण्याचा कायदा आहे. नगरसंस्थेने अशा जागांची यादी करायची आणि त्यांचा वापर मनाला येईल तसा बदलायचा नाही, हा त्याचा गाभा. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूतल्या एका प्रकरणात निकाल दिला. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती आणि त्या वसाहतीतले साधे रहिवासी कोर्टात गेले होते. न्यायालयाने रहिवाशांचं म्हणणं उचलून धरलं आणि ती जागा उद्यानासाठीच राहिली. रुग्णालयासारखी चांगली गोष्टसुद्धा उद्यानाच्या जागेवर चालली नाही, हे पंचांना शांतपणे सांगा. जागा रिकामी आहे, मंदिर बांधू, अशी सूचनाही अशा वेळी हमखास येते. सार्वजनिक उद्यानं, रस्ते अशा जागी परवानगीशिवाय कोणत्याही धर्माचं नवीन प्रार्थनास्थळ उभं राहू देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे. ही गोष्ट कुणालाही दुखावून सांगू नका, पण सांगा. पाया भरून झाल्यावर सांगितलं तर गल्ली दुभंगते.

पंचांची गरज मात्र खोटी नाही. बारसं, साखरपुडा, वाढदिवस, महिला संघाची बैठक, यासाठी लहान शहरात परवडणारी जागा नसते आणि मंगल कार्यालयाचं भाडं सामान्य घराला झेपत नाही. मंजूर नकाशात नागरी सुविधांसाठी वेगळा प्लॉट दाखवलेला असतो, तो शोधा. भवन तिथे बसतं. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी बाग आणि भवन यांच्यातलं भांडण तो दुसरा प्लॉट सापडल्याबरोबर निवळलं. भवनाची मागणी करणाऱ्यांना विरोधक ठरवू नका. त्यांना त्या प्लॉटच्या मागणीत पुढे करा आणि बागेच्या अर्जावर त्यांची सही घ्या.

आता पैशांकडे येऊ. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच सगळं अडतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांची १८ कामं दिली आहेत. उद्यानं, बागा, क्रीडांगणं पुरवणं हे त्यातलं एक. म्हणजे काम पुरसभेचंच आहे, उपकार नाहीत. पण पैसा कसा येतो ते बघा. केंद्राच्या वित्त आयोगाचं अनुदान येतं. २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांखालच्या शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. उरलेला ४० टक्के मोकळा होता, पण तोही पगारावर खर्चायला बंदी होती. राज्याच्या नगरोत्थानसारख्या योजना कामांसाठी असतात. आमदार निधी आणि खासदार निधी टिकाऊ मालमत्ता उभी करण्यासाठी असतो. या सगळ्यातून झोपाळा येईल, कंपाउंड येईल, कमान तर नक्कीच येईल. माळी येणार नाही. माळ्याचा पगार फक्त संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून निघतो, म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजाराची वसुली यातून. आणि त्या उत्पन्नावर आधीच पाणीपुरवठ्याचं वीजबिल आणि कामगारांचे पगार बसलेले असतात.

हे कळलं की मागणी कशी करायची तेही कळतं. बांधकामाची मागणी कमीत कमी ठेवा आणि देखभालीची मागणी लेखी, रकमेसह, दरवर्षीच्या बजेटात वेगळी ओळ म्हणून मागा. ‘उद्यान देखभाल’ अशी ओळ एकदा आली की पुढच्या वर्षी ती काढून टाकणं कुणालाही अवघड जातं. गावात तुमच्यासारख्या चार-पाच बागा असतील तर प्रत्येकीला एक माळी मिळणार नाही, मागूही नका. दोन माणसांची एक फिरती जोडी मागा, एक दिवस या बागेत, दुसऱ्या दिवशी त्या बागेत. लहान संस्थेला हे झेपतं. गटारं साफ करणाऱ्या पौरकार्मिकांनाच बागेचं काम लावा, असं मात्र कधी सुचवू नका. त्यांच्यावर आधीच जास्त बोजा आहे, आणि तक्रार आली की माणूस बागेतून काढून परत गटारावर पाठवला जातो.

दुसरा मार्ग महिला स्वसहाय्य संघाचा. संघाशी देखभालीचा वार्षिक करार करून महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची, अशी पद्धत अनेक शहरांत आहे आणि केंद्राच्या अमृत या शहरी पाणी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही महिला संघांना अशी कामं देण्याची सोय आली. माझा अनुभव या पद्धतीबद्दल चांगला आहे, एका अटीवर. पैसे वेळेवर मिळाले पाहिजेत. तीन महिने बिल अडकलं की बायका दुसरीकडे रोजगाराला जातात आणि त्यांना दोष देता येत नाही. करारात दर महिन्याच्या ठराविक तारखेला पैसे, आणि कामाची खात्री करायला रहिवाशांपैकी दोघांची सही, असं लिहून घ्या. त्या सहीमुळे तुमच्याही हातात काहीतरी राहतं.

काही गावांत सौहार्द सोसायट्या (कर्नाटकातल्या सहकारी पतसंस्था), साखर कारखाने आणि व्यापारी मंडळं मदत करतात. खासगी कंपनीच्या कारखान्याला निव्वळ नफा पाच कोटी किंवा जास्त असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचा दोन टक्के हिस्सा समाजकार्यावर खर्च करावा लागतो. सहकारी कारखान्याला तो नियम लागू नाही, तिथे संचालक मंडळाची इच्छा महत्त्वाची. कुणाकडेही गेलात तरी बाक मागू नका, बाकं सगळेच देतात आणि त्यावर नाव घालतात. ठिबकाचे पाइप, टाकी, रोपांची जाळी किंवा दोन वर्षांचा माळ्याचा पगार मागा. आपल्या पैशाने झाडं जगली, हे सांगायला त्यांनाही आवडेल.

पाण्याचं साधं गणित करून बघा. दहा गुंठे म्हणजे जवळपास १००० चौरस मीटर. निम्म्या जागेत हिरवळ केली तर ५०० चौरस मीटर. आपल्या भागातल्या एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज साधारण पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला २५०० लिटर. जिथे भुयारी गटार नाही अशा शहरात माणशी ७० लिटर पाणी धरलं जातं, म्हणजे तुमची हिरवळ रोज पस्तीस माणसांचं पाणी पिते. ज्या गावात उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी नळ येतो तिथे कोणता वॉटरमन हिरवळीला पाणी सोडेल? सोडलं तरी शेजारच्या गल्लीतल्या बायका भांडायला येतील, आणि त्या बरोबरच असतील. याउलट ४० रोपांना आठवड्यातून दोनदा प्रत्येकी वीस लिटर दिलं तर आठवड्याला १६०० लिटर लागतात. हिरवळीला त्याच आठवड्यात साडेसतरा हजार. आणि तीन उन्हाळे काढले की झाड स्वतःच्या मुळांवर उभं राहतं, हिरवळ कधीच राहत नाही.

म्हणून लहान शहरातल्या बागेत हिरवळ नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सावली पाहिजे. बेळगाव शहरातल्या मोठ्या बागा बघून लोक तसंच मागतात. बेळगाव महानगरपालिका आहे, २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत तिची निवड झाली, त्या प्रमाणातला पैसा आणि कर्मचारी आपल्या पुरसभेकडे येणार नाहीत. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळी एवढी माणसं का फिरायला जातात? जुन्या झाडांची सावली आहे म्हणून. ती झाडं कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी लावली आणि राहू दिली. आपल्याला नेमकं तेवढंच करायचं आहे.

झाडं कोणती, हे तुमच्या मातीवर आहे. चिकोडी-निपाणी पट्ट्यात काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तुमची सिमेंटची वाट तुटली आहे ती कंत्राटदाराने सिमेंट खाल्लं म्हणूनच, असं समजू नका. तेही असेल, पण काळ्या मातीवर थेट काँक्रीट टाकलं की चांगलं कामसुद्धा फुटतं. वाट करायची असेल तर दीड-दोन फूट माती काढून मुरूम भरून दाबायचा आणि वर पेव्हर ब्लॉक किंवा नुसता दाबलेला मुरूमच ठेवायचा. मुरमाची वाट म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना बरी, दुरुस्तीला स्वस्त. खानापूरकडे जांभ्याची जमीन, पाऊस भरपूर, तिथे प्रश्न उलटा असतो. खड्डा तीन फूट खोल करून पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत भरलं नाही तर रोप खुरटतं. अथणीकडे पाऊसच कमी, तिथे कडुनिंब आणि करंज याशिवाय फारसं हट्टाने काही लावू नये. तुमच्याकडे करंज, कडुनिंब, जांभूळ, बकुळ, ताम्हण, बहावा चालतील. खेळण्यांच्या जागेजवळ गुलमोहर नको, वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडून पडतात. वड-पिंपळ लावा, पण कंपाउंडपासून लांब. नीलगिरी आणि सुबाभूळ फुकट मिळाले तरी घेऊ नका. रोप सहा फुटांचं घ्या, मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर लावा, आणि जेवढी जगवता येतील तेवढीच लावा. जुनं झाड मध्ये येतंय म्हणून तोडायचा विषय निघाला, तर १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते हे लक्षात असू द्या.

पालापाचोळा जाळू देऊ नका. कोपऱ्यात विटांची जाळीदार नाडेप टाकी बांधून घ्या, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. एकदा भरली की काही महिन्यांनी खत तयार मिळतं आणि माळ्याला खतासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

दारूच्या त्रासाबद्दल सगळेच मोठा दिवा आणि उंच भिंत मागतात. दिवा मागा, भिंत मागू नका. उंच भिंतीआड काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही, म्हणून तर तिथे बसायला सोयीचं पडतं. भिंतीची उंची दोन फुटांवर आणून वर जाळी लावली तर समोरच्या घराच्या ओसरीतून आत दिसतं. हायमास्टऐवजी वाटेवर चार-पाच लहान दिवे चांगले, कारण एक मोठा दिवा बिघडला की महिनोन्‌महिने सगळाच अंधार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या वेळेला दुसरी माणसं तिथे असली पाहिजेत. बाग सहाला कुलूपबंद करायची, हा उपाय मला कधीच पटला नाही. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका अंधार पडता पडता घरी येतात, त्यांची मुलं दिवसभर वाट बघत असतात. सहाला बंद होणारी बाग त्यांच्यासाठी नाहीच. रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा आणि सात ते नऊ या वेळेत काहीतरी चालू ठेवा.

तुम्ही सामाजिक जीवनाबद्दलही विचारलं होतं, आणि मला वाटतं तो प्रश्नाचा अर्धा भाग आहे. लोकांना तिथे येण्याचं ठराविक कारण पाहिजे. मंगळवारी भजनी मंडळ, गुरुवारी महिला संघाची बैठक, रोज संध्याकाळी शाळेच्या मुलांचा अभ्यास, रविवारी सकाळी आरोग्य केंद्राकडून रक्तदाब तपासणी. यातलं काहीच खर्चिक नाही. एखादं पत्र्याचं छप्पर, खाली शहाबादी फरशी, दोन प्लग पॉइंट आणि एक पाण्याचा नळ एवढ्यावर हे सगळं भागतं. आमच्या भागातल्या एका बागेत वाचनालयाची वर्तमानपत्रं सकाळी छपराखाली ठेवायला सुरुवात झाली, कन्नड आणि मराठी दोन्ही. वर्तमानपत्रं वाचायला निवृत्त माणसं येऊ लागली, त्यांच्यामागे नातवंडं आली, मुलांमुळे आया आल्या. पिणाऱ्यांना कुणी हाकललं नाही, त्यांनी आपणहून जागा बदलली. प्रत्येक ठिकाणी असंच होईल असं मी म्हणणार नाही. शेजारी दारूचं दुकान असेल तर एवढ्याने भागत नाही, पोलिसांची फेरी लागतेच.

गणेशोत्सव मंडळाला बागेत मंडप घालू द्यायचा का? माझं उत्तर होय आहे, पण लेखी अटींवर. खड्डे खणायचे नाहीत, झाडांना तारा बांधायच्या नाहीत, रात्री दहानंतर स्पीकर बंद, आणि उत्सवानंतर दोन दिवसांत जागा पूर्ववत. दिवाळीपर्यंत मंडप उभा राहिला की बाग मंडळाची झाली असं इतरांना वाटू लागतं. उरुसाला, कन्नड राज्योत्सवाला, शिवजयंतीला नियम तोच. नियम सगळ्यांना एकच आहे, हे पहिल्याच वर्षी दिसलं पाहिजे.

खेळण्यांबद्दल थोडंच. झोपाळ्याच्या बाजूला निदान सहा फूट आणि पुढे-मागे त्याहून जास्त मोकळी जागा, खाली एक फूट जाडीची वाळू, फरशी किंवा सिमेंट अजिबात नको. दोन साखळ्या बदलायला दोन वर्षं लागतात कारण त्यासाठीही अंदाजपत्रक करावं लागतं. म्हणून देखभालीच्या ओळीतच किरकोळ दुरुस्तीची रक्कम धरायला सांगा. व्हीलचेअर आत जाण्यासाठी फाटकाशी उतार मागा. त्यासाठी दिव्यांग कल्याणाचा राखीव हिस्सा वापरता येतो आणि अनेक संस्थांत तो पडून असतो.

आता अर्ज. कन्नडमध्ये लिहा, सोबत मराठी प्रत जोडा. तुम्हाला कन्नड लिहिता येत नसेल तर शेजारच्या कन्नड घरातून लिहून घ्या, आणि त्या शेजाऱ्याची सही सगळ्यात वर घ्या. मी हे कुणापुढे नमतं घ्या म्हणून सांगत नाही. टेबलाच्या पलीकडे बसलेली असताना मी बघितलंय की एकाच गल्लीच्या, एकाच भाषेच्या सह्या असल्या की अर्जाकडे राजकारण म्हणून बघितलं जातं आणि फाइल बाजूला जाते. मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही घरांच्या सह्या असल्या तर ती बागेची मागणी राहते. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत वॉर्डाच्या सदस्याला आणि दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा नगर विकास कक्षाला. निवडून आलेली मंडळी नसतील आणि प्रशासक असतील, तर वेळ फुकट गेला असं समजू नका. प्रशासकाच्या काळात देखभालीची ओळ बजेटात घालून घेणं कधी कधी सोपं जातं, कारण वॉर्डावॉर्डांची ओढाताण नसते. मात्र नवी मंडळी आली की त्यांना लगेच जाऊन भेटा, नाहीतर ती ओळ त्यांना परकी वाटते.

वेळ फार महत्त्वाची आहे. आर्थिक वर्ष एप्रिलपासून, त्यामुळे बजेटपूर्व सभा हिवाळ्यात होतात आणि नागरिकांना तिथे बोलता येतं. या सभांना ठेकेदार आणि जुने सदस्य येतात, सामान्य माणसं फारशी येत नाहीत. दहा बायका जाऊन बसल्या आणि प्रत्येकीने एकच वाक्य सांगितलं, ‘उद्यान देखभालीला वेगळी रक्कम धरा’, तर ते इतिवृत्तात येतं. अर्जापेक्षा इतिवृत्तातली नोंद जास्त कामाची, कारण लेखापरीक्षणात तिच्याबद्दल विचारणा होऊ शकते. तोपर्यंतच्या महिन्यांत तुम्ही कागद गोळा करा, सुविधांचा दुसरा प्लॉट शोधा, पंचांशी बोला आणि काँग्रेस गवत फुलायच्या आत उपटून टाका. हातमोजे घालून उपटा, अंगावर पुरळ येतो.

श्रमदानाने बाग चालवू, असं कुणी उत्साहाने म्हणेल. पहिले काही रविवार चालते. एका दिवसाच्या साफसफाईला, रोपं लावायला श्रमदान जरूर करा, त्यातून माणसं एकमेकांना ओळखू लागतात. रोजचं पाणी मात्र पगारी माणसाच्या हातात द्या.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की बागेला कुणाचं नाव द्यावं, म्हणजे पुढाऱ्यांचं लक्ष जाईल. आत्ता नाव देऊ नका. सीमाभागात नावावरून आणि पुतळ्यावरून एखादी बाग किती वर्षं बंद पडू शकते, हे तुम्हाला मी सांगायला नको. अर्जात, नकाशात, बजेटात तिला सर्व्हे नंबर आणि वॉर्ड क्रमांकानेच ओळखू द्या. झाडं खांद्याएवढी झाली, संध्याकाळी छपराखाली बसायला जागा मिळेनाशी झाली, की वॉर्डातल्या सगळ्या घरांची सभा बोलवा आणि नाव त्या सभेत ठरवा. तोवर फाटकाच्या आत, भिंतीवर, एक साधा फलक लावा: माळ्याच्या येण्याचे वार, पाणी सोडायची वेळ आणि तक्रार कुठे नोंदवायची, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत.